फेकून दिलेला शेजारी

मे महिन्यात आमच्याकडे इन्क्युबेटर गार करावा लागायचा. पुण्या-नाशिकच्या प्रयोगशाळांतल्या लोकांना हे सांगितलं की ते आधी हसतात. जंतू वाढवायचे तर त्यांना माणसाच्या अंगाइतकी ऊब लागते, सदतीस अंश, आणि ती देण्यासाठी हे कपाट असतं. ते तापवू शकतं, गार करू शकत नाही. नंदुरबारात मे महिन्यात खोलीच चाळिशी ओलांडायची, मग कपाटाच्या आतल्या जंतूंचे हाल विचारू नका. शेवटी मी मिरचीच्या बाजारातून रिकामी पोती मागून आणली, ओली करून कपाटाला गुंडाळली आणि समोर पंखा लावला. पोत्यांत उरलेल्या तिखटानं पहिले दोन दिवस आख्खी प्रयोगशाळा शिंकत होती. पण पारा सदतीसवर आला. मला नोकरीत कुणी पदक दिलं नाही. द्यायचंच झालं तर त्या पोत्यांसाठी द्यायला हवं होतं.

मी एका ट्रस्टच्या रुग्णालयात सूक्ष्मजीव विभागात तंत्रज्ञ होते. विभाग म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि मी. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माझं माहेर म्हसावदचं, घरी शेती, आणि मुलीनं शिकून शाळेत लागावं अशी वडिलांची इच्छा. मी लागले पू, थुंकी आणि लघवी तपासायला. लग्नानंतर सासूबाईंनी माझ्या कामाची चौकशी केली आणि ती ऐकून शेजारणींना एकच वाक्य सांगितलं, ते पुढं गल्लीभर झालं: "आख्खं गाव जंतूसपासून दूर पयस, नी मन्ही सून त्यासले पोसस." त्यात खोटं काही नव्हतं. मी जंतू पोसायचेच.

पोसायचे म्हणजे काय ते सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही सूक्ष्मदर्शकात डोकावतो आणि जंतूचं नाव वाचतो. कुणाच्या घशातून, जखमेतून, कानातून कापसाच्या बोळ्यावर नमुना घ्यायचा. तो काचेच्या बशीत घट्ट केलेल्या खाद्यावर पसरायचा. या बशीला आम्ही प्लेट म्हणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटवर ठिपके उठलेले दिसतात. एकेक ठिपका म्हणजे एकेका जंतूचं आख्खं खानदान, त्याला कॉलनी म्हणतात. त्यातली जी कॉलनी आजाराची वाटते ती तारेच्या टोकानं उचलायची आणि दुसऱ्या स्वच्छ प्लेटवर एकटी वाढवायची. त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. जे औषध त्या जंतूला मारतं त्याच्या टिकलीभोवती मोकळं गोल रिंगण पडतं, कारण तिथं जंतू वाढूच शकत नाही. रिंगण मोठं असलं की रिपोर्टवर लिहायचं, या औषधाला जंतू दाद देतो. डॉक्टर तेच औषध लिहितात.

यात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर प्लेट शुद्ध हवी. एका प्लेटवर एकच जंतू. मला शिकवणाऱ्या बाईंनी हे इतकं घोटून घेतलं होतं की दुसरा ठिपका दिसला तर मला घरात उष्टं सांडल्यासारखं वाटायचं. माझ्या प्लेट्स इतक्या स्वच्छ असायच्या की तपासणीला आलेले साहेब त्या इतरांना दाखवायचे. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. त्याच अभिमानानं मला एकदा तोंडघशी पाडलं, ते पुढं येईलच.

खाद्यात रक्त लागतं, तेही मेंढीचं. बऱ्याच ठिकाणी ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त घालतात. मला ते पटत नसे, कारण त्या माणसानं औषध घेतलेलं असलं की जंतू वाढत नाहीत आणि दोष आमच्यावर येतो. मी भिलाआबांना गाठलं. ते ठेलारी, म्हणजे मेंढपाळ, शहराबाहेर त्यांचा कळप बसायचा. गुरांचे डॉक्टर मेंढीच्या मानेतून अलगद थोडं रक्त काढून देत आणि मी ते काचेच्या मण्यांबरोबर बाटलीत हलवत बसायचे, म्हणजे ते गोठत नाही. आबा प्रत्येक वेळी दुसरी मेंढी पुढं करत, एकीवर अन्याय नको म्हणून. पाच-सहा महिन्यांनी ते रुग्णालयात येऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "मेंढीनं रगत देखतस, मन्हं बी देखा ना," म्हणाले. मी शेजारच्या खोलीतून त्यांचं रक्त तपासून घेतलं तर साखर भलतीच वाढलेली. त्यानंतर त्यांनी गुळाचा चहा सोडला आणि त्याचं खापर कायम माझ्यावर फोडलं.

काही जंतूंना नुसतं रक्त पुरत नाही, त्यांना कोंडलेली हवाही लागते. त्यासाठी मोठ्या शहरांत यंत्रं असतात. माझ्याकडं बिस्किटांची काचेची बरणी होती. आत प्लेट्स रचायच्या, वर मेणबत्ती पेटवून ठेवायची आणि झाकण लावायचं. मेणबत्ती विझते तेव्हा आतली हवा त्या जंतूंना हवी तशी झालेली असते. कानातल्या पुवातला न्यूमोकॉकस नावाचा जंतू मी आयुष्यभर या बरणीत वाढवला, आणि ही गोष्ट त्याचीच आहे.

शेवंती सहा वर्षांची होती. सातपुड्यातल्या, धडगावकडच्या एका पाड्यावरची. तिला सिकलसेल होता. आमच्या जिल्ह्यात हा आजार डोंगरातल्या घरांतून पुष्कळ आढळतो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अंग दुखतं, आणि पोटातली प्लीहा हळूहळू निकामी होते. प्लीहा काही जंतूंवर पहारा ठेवते, त्यात न्यूमोकॉकस पहिला. पहारा उठला की साध्या कान फुटण्यावरून जंतू रक्तात जाऊन लेकरू दोन दिवसांत दगावू शकतं. म्हणून अशा मुलांना रोज पेनिसिलिनची गोळी द्यावी लागते. एक दिवस चुकवायची नाही.

शेवंतीचा कान वाहत होता आणि अंगात बारीक ताप होता. आमचे बालरोगतज्ज्ञ डॉ. वाणी यांनी रोजच्या गोळीच्या जागी त्याच घराण्यातलं जरा दमदार औषध दहा दिवसांसाठी दिलं, सकाळ-संध्याकाळ. दहा दिवसांनी आई तिला परत घेऊन आली. कान तसाच वाहत होता आणि ताप वाढला होता. डॉक्टरांनी तिला दाखल करून घेतलं आणि पुवाचा नमुना माझ्याकडं पाठवला.

प्लेटवर दुसऱ्या दिवशी न्यूमोकॉकस दिमाखात उठलेला. त्याच्या आजूबाजूला दुसऱ्याच कुणाच्या राखाडी कॉलन्या होत्या. तारेनं ढकललं की कॅरमच्या सोंगटीसारख्या प्लेटवरून सरकायच्या. यावरून मी ओळखलं की हा मोराक्सेला, मुलांच्या नाकाघशात एरवीही राहणारा. मी त्याला बाजूला सारलं, न्यूमोकॉकस एकटा उचलला, स्वच्छ प्लेटवर वाढवला, टिकल्या ठेवल्या. पेनिसिलिनभोवती हे एवढं मोठं रिंगण पडलं. रिपोर्टवर लिहिलं, जंतू पेनिसिलिनला पूर्ण दाद देतो. खाली बारीक अक्षरांत लिहिलं, इतर वाढ किरकोळ. सही केली.

शिपाई रजेवर होता म्हणून रिपोर्ट द्यायला मीच वॉर्डात गेले. डॉ. वाणींनी तो वाचला आणि त्यांचा चेहराच बदलला. माणूस चांगला, मुलांसाठी जीव टाकणारा, पण गोळ्या वाया गेल्या की फार चिडायचा. ते शेवंतीच्या आईकडं वळले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा रिपोर्ट सांगतो की औषध लागू पडायला पाहिजे होतं. म्हणजे तुम्ही ते दिलंच नाही. पोरीला मारायचंय का?" मग त्यांनी फाइलवर लाल शाईनं लिहिलं: आई औषध देत नाही.

तिचं नाव मोगीबाई. तळोद्याच्या बाजारात येऊन येऊन ती कामापुरतं मराठी शिकली होती. शेजारच्या खाटेवर नातवाला घेऊन बसलेली दिलीबाई तिच्याच बाजूच्या पाड्याची होती. ती ऐकत होती, बाकीच्याही ऐकत होत्या. डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेल्यावर मोगीबाईनं कमरेला खोचलेली एक दोरी काढली आणि माझ्या हातात दिली. रिपोर्ट आणणारी बाई म्हणून तिला मीच सापडले.

दोरीला गाठी होत्या. डोंगरात लग्नाला, बाजाराला, सणाला किती दिवस उरले हे लोक अजूनही दोरीच्या गाठींवर मोजतात. तिनं औषध मोजलं होतं. सकाळची गाठ बारीक, संध्याकाळची मोठी. मी उभ्या उभ्या मोजल्या. दहा दिवसांच्या वीस व्हायला हव्यात, एकोणीस होत्या आणि एक नुसताच सैल फास. मी त्या फासावर बोट ठेवलं. ती म्हणाली, "पोरी ओकली. अर्धी गेली, अर्धी राहिली. म्हणून नाही बांधली."

मला सांगायला हवं की त्या क्षणी मला लाज वाटली, आणि अशी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती. मी जन्मभर नोंदी ठेवल्या. चुकलेली नोंद लपवण्याचा मोह किती होतो ते मला माहीत आहे. खोटं बोलणारी बाई वीस गाठी बांधून आणेल, अर्ध्या ओकलेल्या गोळीसाठी फास सैल ठेवणार नाही. ही बाई खरं बोलत होती, म्हणजे माझा रिपोर्ट खोटा होता. आणि तिच्या विरुद्धची एकमेव साक्ष तोच रिपोर्ट होता.

डॉक्टरांना मी तसं सांगितलं. ते म्हणाले, शैलाताई, दोरी म्हणजे पुरावा नव्हे. आजपासून औषध नर्सच्या हातून देऊ, दोन दिवसांत ताप उतरतो की नाही बघा. मोगीबाई तोवर पोरीला उचलून घरी निघाली होती. मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले आणि दोन दिवस मागितले. का थांबली ते मला आजवर कळलेलं नाही. कदाचित मी गाठी मोजल्या म्हणून असेल.

माझी एक खोड होती. वापरलेली प्लेट मी सात दिवस टाकून देत नसे. झाडणारी बाई वैतागायची, फ्रिज अडतो म्हणायची. त्या खोडीमुळं शेवंतीची पहिली प्लेट, दोन्ही जंतूंची, अजून फ्रिजमध्ये होती. मी ती काढून खिडकीशी धरली आणि स्वतःला विचारलं, या पोरीच्या कानात न्यूमोकॉकस एकटा राहतो का? नाही. मग मी त्याला एकट्यालाच का तपासलं? कारण मला तसं शिकवलं होतं आणि मला ते फार छान जमत होतं.

मी एक नवी प्लेट घेतली. सगळीकडं न्यूमोकॉकस पसरला, मधोमध पेनिसिलिनची टिकली ठेवली आणि टिकलीच्या एका अंगाला मोराक्सेलाची एक रेघ ओढली. प्लेट बरणीत ठेवली, मेणबत्ती पेटवली. माझ्या शिक्षिकेनं पाहिलं असतं तर कान उपटला असता, कारण ही मुद्दाम केलेली घाण होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिंगण गोल नव्हतं. तीन बाजूंनी होतं तसंच मोकळं, पण रेघेच्या बाजूनं भाकरीचा घास तोडावा तसा त्याचा लचका गेला होता. तिथं न्यूमोकॉकस टिकलीला जवळजवळ खेटून सुखानं वाढलेला. एकटा असताना जे औषध त्याला मारत होतं, तेच शेजारी सोबत असताना त्याचं काही बिघडवू शकत नव्हतं.

मोराक्सेला पेनिसिलिन कापून टाकणारं एक एन्झाइम बनवतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. ते तो स्वतःसाठी बनवतो असं मी धरून चालले होते. आता प्रश्न असा की त्याची रेघ तिकडं आणि हा वाचतो इकडं, मधल्या जागेत आहे काय? मोराक्सेला मी आदल्या दिवशीच पातळ खाद्यातही वाढायला ठेवला होता, ते पाणी इतक्या बारीक गाळणीतून गाळलं की एकही जंतू पलीकडं जाऊ नये. गाळलेल्या पाण्यात जिवंत काही नाही याची खात्री केली. मग रेघेच्या जागी त्या पाण्याचा नुसता थेंब ठेवला. तिथंही लचका तुटला. जंतू हजर नसताना त्याचं काम चालू होतं.

दोन दिवस पूर्ण झाले. नर्सनं चारही वेळा आपल्या हातानं औषध दिलं होतं आणि शेवंतीचा ताप तसूभर हलला नव्हता. मी दोन्ही प्लेट्स घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले. त्यांनी त्या उजेडात धरल्या, फिरवून पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. डॉ. वाणी एरवी पेशंटसमोर आणि आमच्याशी शुद्ध पुस्तकी बोलायचे. त्या दिवशी घरची भाषा आली. "ताई, मन्ही चूक व्हयनी," म्हणाले. मी म्हटलं, आधी माझी, मग तुमची.

त्यांनी लगेच औषध बदललं. त्याच औषधाबरोबर एक जोडीदार येतो, तो त्या कापणाऱ्या एन्झाइमला धरून ठेवतो आणि औषधाला मोकळं करतो. तिसऱ्या दिवशी शेवंतीचा ताप उतरला. पाचव्या दिवशी कान कोरडा व्हायला लागला आणि ती खाटेवर उभी राहून खिडकीतून रिक्षा मोजायला लागली. पंधराच्या पुढं तिला येत नव्हतं, मग ती पुन्हा एकपासून सुरू करायची.

मी तो मोराक्सेला पुण्याच्या एका संस्थेत पाठवला. तिथं अश्विनी नावाची संशोधक मुलगी होती, माझ्या लेकीच्या वयाची. तिनं माझं गाळलेलं पाणी फार वेगानं फिरणाऱ्या यंत्रात फिरवलं, तळाला बसलं ते वेगळं काढलं आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याचं छायाचित्र घेऊन मला मोबाइलवर पाठवलं. करड्या पडद्यावर इवले इवले गोल फुगे. तिनं फोन करून समजावलं. अशा जंतूच्या अंगावर दुहेरी पापुद्रा असतो. बाहेरचा पापुद्रा जागोजागी फुगतो, त्याचा गळा आवळला जातो आणि फुगा सुटून निघून जातो. जंतूला काही होत नाही, तो आपल्या जागी जिवंत राहतो. पण फुग्यात त्यानं आपल्या घरचं काहीतरी बांधून दिलेलं असतं. आमच्या या जंतूनं औषध कापणारं एन्झाइम दिलं होतं. फुगे काढून टाकल्यावर उरलेल्या पाण्यात न्यूमोकॉकसला वाचवायची ताकद जवळजवळ उरली नाही, हेही तिनं तपासलं.

मग ती बोलतच सुटली आणि मी वहीत लिहीत गेले. फुगे फक्त मदत करत नाहीत. कुणी त्यात विष भरतं आणि तो फुगा आपल्या शरीराच्या पेशीला जाऊन चिकटतो, आतलं विष तिच्या आत उतरवतो. कुणी शेजारच्या जंतूला मारायला धाडतं. कुणी त्यातून वारशाच्या धाग्याचे, म्हणजे डीएनएचे, तुकडे देतं, म्हणजे औषधाला न जुमानायची विद्याच पोचवली. जंतूंना मारणारे विषाणू असतात, ते कधीकधी फसून या फुग्यांनाच चिकटतात आणि जंतू सुटतो. मला दिवाळीची ताटं आठवली. झाकलेलं ताट शेजारी जातं, आत काय ते पाठवणाऱ्यालाच माहीत. मी हे बोलून दाखवलं तर अश्विनी म्हणाली की तिच्या प्रबंधात इतकं सोपं कुठं लिहिलेलं नाही.

मी तिला विचारलं, मी काही नवीन शोधलं का? ती प्रामाणिक मुलगी. म्हणाली, नाही, ताई, या फुग्यांवर आणि याच दोन जंतूंवर जगात काम झालेलं आहे. पण बिस्किटांच्या बरणीत कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. हे वाक्य मी त्या आठवड्यात किमान दहा जणांना ऐकवलं. सासूबाईंनाही ऐकवलं. त्यांना बरणीचं कौतुक वाटलं नाही, कारण ती त्यांची होती.

अभिमानाचं सांगते आहे तर दुसरंही सांगायला हवं. ते फुगे बघितले त्या दिवशी मी जुन्या नोंदवह्या काढून बसले. "इतर वाढ किरकोळ" हे माझ्या अक्षरात कितीदा लिहिलंय ते पाहिलं. एका नावाशी थांबले. अक्कलकुव्याकडचा एक मुलगा, त्याचाही कान, तोही जंतू पेनिसिलिनला दाद देणारा, आणि त्याच्या आईलाही त्या वेळच्या डॉक्टरांनी असंच झापलं होतं. ती त्याला घेऊन गेली आणि परत आली नाही. नाव आहे, पुढं काही नाही. मी त्या गावी निरोप पाठवला, पण कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं, कुठं ते कुणाला ठाऊक नाही. त्या आईचीही कदाचित गाठ मारलेली दोरी असेल, मी विचारलं नव्हतं. हे मला अजून सलतं.

शेवंतीला घरी सोडायचा दिवस आला. डॉ. वाणींनी फाइलवरची लाल ओळ खोडली, बाजूला सही केली आणि वॉर्डात उभं राहून मोगीबाईची माफी मागितली. मोठ्या पदावरच्या माणसाला हे सोपं नसतं. मग महिन्याभराच्या पेनिसिलिनच्या गोळ्या तिच्यापुढं ठेवल्या. रोजची गोळी तर चालूच ठेवायची होती. तो शेजारी दरवेळी कानात असेलच असं नाही, आणि गोळी नसेल तर पहारा काहीच नाही.

मोगीबाईनं पोरीला कडेवर घेतलं आणि गोळ्या तिथंच राहू दिल्या. मी त्या घेऊन तिच्यामागं फाटकापर्यंत गेले. ती थांबली. तिच्या मराठीत तिनं जे सांगितलं ते असं. पाड्यातून भेटायला आलेल्यांकडून तिला कळलं होतं, दिलीबाई आधीच घरी गेली. तिनं जीपमध्ये सांगितलं, पाणवठ्यावर सांगितलं, बाजारात सांगितलं. आता पाड्यात सगळे म्हणतात की मोगी पोरीला औषध देत नाही. तिची सासू म्हणते, पोरीला आम्ही ठेवतो, तू जा. "इथं तुम्ही चांगलं बोललं. तिथं कोण बोलेल? मी देत नाही ना? मग मला कशाला देतो गोळ्या?" एवढं बोलून ती गेली.

गोळ्यांशिवाय शेवंती किती दिवस? हा हिशेब मी आणि डॉक्टर दोघांनीही मनात केला. ते म्हणाले, त्या भागातल्या आरोग्यसेविकेला पाठवू, ती समजावेल. मी म्हटलं, साक्ष माझ्या रिपोर्टनं दिली होती, तर फिरवायची तीही माझ्याच तोंडानं. रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात "रिपोर्टमध्ये दुरुस्ती" असं लिहिलं, त्यावर कार्यालयानं काही विचारलं नाही.

तळोद्याच्या बाजाराच्या दिवशी मी त्या गोळ्या पिशवीत घेऊन एसटीनं गेले. डोंगरातले लोक बाजार करून ज्या जीपगाड्यांनी परततात त्यांचा थांबा मला माहीत होता. दुपारी मोगीबाई शेवंतीला घेऊन तिथं आली. मला पाहून तिनं तोंड फिरवलं नाही, जवळही आली नाही. एका जीपमध्ये दिलीबाई आधीच बसलेली होती, नातू मांडीवर. तिच्या आजूबाजूला त्याच वाटेवरच्या पाड्यांतली दहा-बाराजणं, आत, टपावर, मागच्या पट्टीवर. मी जीपच्या तोंडाशी उभी राहिले आणि म्हटलं, मला शेवंतीबद्दल काही सांगायचंय.

बहुतेकांना माझी मराठी कळत नव्हती. जीपचा चालक त्यांचाच होता, त्याला मराठी चांगलं यायचं. तो म्हणाला, बोला बाई, मी त्यांच्या भाषेत सांगतो. मग मी बोलले. कानातले दोन जंतू सांगितले. मी एकाला फेकून दिलं आणि दुसऱ्याला एकट्याला तपासलं हे सांगितलं. फेकून दिलेल्यानं आपल्या अंगावरचे फुगे कसे सोडले, फुग्यांनी औषध कसं कापून टाकलं, मोगीबाईनं एकूण एक गोळी दिलेली असताना ती का लागू पडली नाही, हे सगळं हातवारे करून सांगितलं. मी चांगली पाच-सात मिनिटं बोलत होते आणि माझ्या समजुतीप्रमाणं आयुष्यात इतकं चांगलं कधी बोलले नव्हते.

चालकानं माझं सगळं ऐकून घेतलं, मागं वळला आणि त्यांच्या भाषेत जेमतेम एक वाक्य बोलला. जीपमधली सगळी माणसं एकदम माझ्याकडं बघायला लागली. दिलीबाई सगळ्यात जास्त बघत होती. मग तिनं मोगीबाईकडं पाहिलं आणि काहीतरी हळू आवाजात म्हणाली. नातवाला उचलून मांडीच्या दुसऱ्या बाजूला घेतलं आणि आपल्या शेजारी जागा केली.

मी चालकाला विचारलं, एवढं मोठं सांगितलं, तुम्ही एका वाक्यात काय सांगितलंत?

"मी सांगितलं, बाई म्हणते चूक तिची."

मला आधी राग आला, फुगे सगळे गेले म्हणून. मग वाटलं, माझ्या सगळ्या नोकरीतला इतका शुद्ध रिपोर्ट दुसरा नाही, आणि तो माझ्या सहीशिवायच निघाला.

मोगीबाईनं शेवंतीला दिलीबाईच्या शेजारी बसवलं. ती स्वतः चढली नाही. माझ्याकडं चालत आली, समोर उभी राहिली आणि हात पुढं केला.

"आता दे गोळ्या," म्हणाली.